चकाकी पाहू नका, कमाई पाहा



आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासाचे तीन महिने आपल्या विहारांत ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. ग्रंथ एक आणि वाचणारे हात अनेक. कोणी कामावरून येऊन वाचतो, कोणी शेतातून येऊन वाचतो. पाच-सात वर्षांत ग्रंथाची पाठ उखडते, फर्मे सुटतात, कोपरे वळतात. मग विहार समितीच्या बैठकीत विषय निघतो की वर्गणी काढून ग्रंथाला चांगले ‘लेदर बाइंडिंग’ करून घ्यावे आणि वर सोनेरी अक्षरे टाकावीत. आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, समाजकार्यानिमित्त फिरताना हा विषय आम्ही एकाहून अधिक ठिकाणी ऐकला आहे.

त्यावर दोन प्रश्न हटकून येतात. पहिला व्यवहाराचा: कोणते लेदर घ्यावे? बाइंडर चार नमुने पुढे टाकतो आणि चारही सारखेच चकाकतात. दुसरा प्रश्न बहुधा एखादी वयस्क उपासिका विचारते: “ज्या कातड्यापायी आपल्या बापजाद्यांना गावाबाहेर ठेवलं, ते कातडं धम्माच्या ग्रंथावर कशाला?” हा दुसरा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दोन्हींचे उत्तर शोधताना आम्हांला जे समजले ते आज येथे मांडतो.

पोथी आणि कातडे

आपल्या देशातील जुनी पोथी शिवलेली नसे. सुटी पाने, वर-खाली लाकडी फळ्या आणि भोवती कापडाचे बासन, अशी तिची बांधणी. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागदसुद्धा कापडी रुमालांत बांधलेले होते. कातडे अपवित्र मानल्यामुळे धर्मशास्त्राच्या पोथीला ते लागू देत नसत. कातडी बांधणीचे शिवलेले पुस्तक आपल्याकडे रुजले ते मुसलमानी राजवटींबरोबर आणि पुढे इंग्रजांबरोबर व मिशनऱ्यांबरोबर. इंग्रजी अमदानीत कचेऱ्यांच्या जाड हिशेबवह्या आणि गॅझेटांचे खंड यांच्या पाठी व कोपरे कातडी झाले. मग त्याच कातडी पुस्तकांना वरच्या वर्णांचे लोक बिनदिक्कत हात लावू लागले. विटाळ कातड्याचा नव्हता. कातडे कमावणाऱ्या माणसाला विटाळ चिकटवला होता.

आता ही कामाची वाटणी पाहा. मेलेले ढोर ओढायचे ते महाराने. कातडे कमवायचे ते ढोर, म्हणजे कक्कय्या समाजाने. जोडा, मोट, पखाल शिवायची ती चर्मकाराने. पुस्तक ज्या वस्तूत बांधले जाई ती वस्तू ज्यांच्या हातांतून तयार होई, त्यांना त्या पुस्तकातील अक्षर शिकण्याची बंदी. हा केवढा मोठा अन्याय आहे, ते आपल्या मुलांना जरूर सांगावे.

‘कमावणे’ म्हणजे काय?

आपली भाषा पैसेही कमावते आणि कातडेही कमावते. कच्चे कातडे दोन दिवसांत सडते. ते न सडावे, मऊ राहावे, यासाठी त्यावर जी क्रिया करतात तिला कमावणे म्हणतात. जुन्या पद्धतीत कातडे चुन्याच्या पाण्यात ठेवून केस काढतात आणि आतले मांस खरवडतात. मग ते पिशवीसारखे शिवून त्यात बाभळीची साल आणि कुटलेला हिरडा यांचे पाणी भरतात व टांगून ठेवतात. पाणी कातड्यातून झिरपते आणि सालीतला तुरट अंश कातड्याच्या तंतूंत मुरतो. या कामाला कित्येक दिवस लागतात. कोल्हापुरी चपलेचे कातडे असेच तयार होते. त्या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण तिच्या मुळाशी हेच ज्ञान आहे.

ही झाडे आपल्या ओळखीचीच आहेत. बाभूळ आपल्या बांधावर आहे. हिरडा आपल्याच जिल्ह्यात अकोल्याच्या डोंगरात आहे, तेथील आदिवासी बांधव तो गोळा करतात. आणि पिवळ्या फुलांचा तरवड आपल्या माळामाळावर उभा आहे. या तरवडाच्या सालीने कमावलेली शेळ्या-मेंढ्यांची कातडी एके काळी विशेषतः दक्षिण हिंदुस्थानातून जहाजांनी विलायतेला जात आणि तेथे पुस्तकांच्या बांधणीला वापरली जात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्रोम नावाच्या धातूच्या क्षारांनी कातडे कमावण्याची पद्धत आली. तिला आठवडे लागत नाहीत, काम झटपट होते. आजचे बहुतेक बूट आणि पर्स याच कातड्याचे. ते मजबूत असते, पाण्याला दाद देत नाही. पण ते रबरासारखे मागे येते. गरम ठशाने त्यावर अक्षर दाबले तर नीट बसत नाही, कडेची घडीही तीक्ष्ण पडत नाही. ताजी कापलेली कड पाहावी. आतून निळसर-करडी दिसली तर बहुधा क्रोम. पिवळट किंवा तपकिरी दिसली तर बहुधा सालीचे. पुस्तकाला सालीचे कातडे बरे.

नमुने कसे ओळखावेत

कमावल्यानंतर वरून जे रूप देतात त्याला बाजारात ‘फिनिश’ म्हणतात. बाइंडरच्या टेबलावर जे नमुने येतात ते साधारण असे:

साधे रंगवलेले: कातड्यात रंग मुरवलेला असतो, वर थर नसतो. केसांची बारीक छिद्रे दिसतात, जनावराच्या अंगावरचा ओरखडाही दिसतो. कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवला तर तो हळूहळू शोषला जातो आणि तेवढी जागा गडद होते. असे कातडे दिसायला गरीब, पण प्रामाणिक. हाताळून ते अधिक तुकतुकीत होते.

घोटलेले: काचेच्या किंवा गारगोटीच्या रुळाने दाब देऊन घासलेले. याची चमक कातड्याची स्वतःची असते, वरून लावलेली नसते.

दाणेदार, म्हणजे मोरोक्को: हे शेळीचे कातडे. ओले असताना दुमडून मळले की अंगचा दाणा वर येतो. दाणा कोठे बारीक, कोठे मोठा असतो. बांधणीच्या कामात चांगल्या शेळीच्या कातड्याचा मान सर्वांत मोठा, कारण त्याचे तंतू घट्ट विणलेले असतात. मेंढीचे कातडे मऊ आणि स्वस्त असते, पण त्याचा वरचा पापुद्रा सुटतो.

ठशाचे: गरम पत्रा दाबून दाणा उमटवलेला असतो. मेंढीच्या कातड्यावर शेळीचा दाणा, नाही तर मगरीचे खवले. खूण सोपी आहे. सगळे दाणे एकसारखे आणि एका अंतरावर दिसले की ठसा समजावा.

रंगाचा थर दिलेले: यावर रंगाचा व प्लॅस्टिकचा लेप असतो. डाग झाकले जातात, पृष्ठभाग एकसारखा गुळगुळीत दिसतो, पाण्याचा थेंब घरंगळतो. पण पुस्तक रोज उघडले जाते आणि पाठीजवळची घडी रोज मोडते. लेप हलका असेल तर याच घडीवर तो आधी तडकतो.

मखमली, म्हणजे स्वेड: ही कातड्याची आतली बाजू घासून काढलेली लव. पूर्वी जाड हिशेबवह्यांना उलट्या कातड्याची अशी खरखरीत बांधणी असे, हातातून सटकू नये म्हणून. विहारातल्या ग्रंथाला ती नको. धूळ आणि हाताचे तेल दोन्ही धरते.

यांशिवाय ‘लेदर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या आणखी दोन वस्तू आहेत. एक ‘बाँडेड लेदर’: कातड्याचा चुरा गोंदात कालवून पत्र्यासारखा लाटलेला. त्यात तंतूंची विणच नसते, म्हणून घडीवर तो लवकर तुटतो. दुसरे आपले सर्वांचे ओळखीचे रेक्झिन, म्हणजे कापडावर प्लॅस्टिकचा लेप. रेक्झिन वाईट नाही, पण ते लेदरच्या भावाने घेऊ नये. उलटी बाजू पाहिली की कापडाची वीण दिसते.

चकाकीने केलेला घात

आता या सगळ्यांत महत्त्वाची हकिगत. विलायतेतील ग्रंथपालांच्या लक्षात आले की तीनशे वर्षांपूर्वीची कातडी बांधणी शाबूत आहे आणि तीस वर्षांपूर्वीची मात्र भुगा होऊन पडते आहे. म्हणून लंडनच्या ‘सोसायटी ऑफ आर्ट्स’ने १९०० मध्ये या विषयावर एक समिती नेमली. तिचा अहवाल १९०१ मध्ये आला आणि १९०५ मध्ये तो पुस्तकरूपाने सविस्तर छापला गेला.

समितीने जी कारणे दाखवली ती ध्यानात घेण्यासारखी आहेत. काही साली कातड्याला टिकाऊ करत नाहीत. त्यांत तरवडाच्या सालीने कमावलेले, हिंदुस्थानातून येणारे कातडे लवकर बिघडणाऱ्यांत निघाले. उलट सुमाक नावाच्या झाडाच्या पानांनी कमावलेले कातडे टिकले. (आपल्या हिरड्याचा तुरट अंश रसायनशास्त्राप्रमाणे या सुमाकच्याच जातीचा आहे.) दिव्याच्या गॅसच्या धुरातील आम्लाने कातडे कुजते. पण दोष एवढाच नव्हता. रंग उजळ आणि एकसारखा यावा म्हणून कारखानदार कातडे गंधकाच्या आम्लात बुडवत होते. महाग कातड्याचा देखावा आणण्यासाठी खोटा दाणा दाबत होते. बांधणी नाजूक दिसावी म्हणून जाड कातडे तासून कागदासारखे पातळ करत होते. म्हणजे दुकानात पुस्तक सुंदर दिसावे म्हणून जे जे केले, त्यातूनच पुस्तकाचे मरण आले.

सरकारी कचेरीत ज्यांनी कारकुनी केली आहे त्यांनी याचा पुरावा डोळ्यांनी पाहिला आहे. जुनी कातडी पाठीची वही काढली की विटकरीच्या भुकटीसारखी लाल पूड शर्टाच्या बाहीला लागते. तिला धूळ समजू नये. आम्लाने मेलेले ते कातडे आहे. इंग्रजीत याला ‘रेड रॉट’ म्हणतात, आपण लाल कूज म्हणू. ती एकदा लागली की मागे फिरत नाही.

कोणाच्या घरी आजोबांच्या काळचे असे पुस्तक असेल तर त्याला खोबरेल किंवा जवसाचे तेल चोळू नका. तेल पानांत उतरते आणि कातडे काही जगत नाही. ओल्या फडक्यानेही पुसू नका, कातडे काळे पडून कडक होते. कोरड्या मऊ फडक्याने पूड झटकावी, धुतलेल्या सुती कापडात पुस्तक गुंडाळून नाडीने बांधावे, आणि कपाटात आडवे ठेवावे. ‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’ यांचे जुने अंक बांधलेले असतील तर ते कोणत्याही बाइंडरकडे देण्यापूर्वी एखाद्या जाणत्या ग्रंथपालाला दाखवावेत.

उपासिकेच्या प्रश्नाचे उत्तर

आता त्या आजींचा प्रश्न. बाबासाहेबांनी मार्च १९२७ मध्ये महाडला मेलेल्या ढोराचे मांस सोडायला सांगितले. पुढे ढोरे ओढण्याचे काम सोडले तेव्हा काही शहाण्यांनी कातडे, शिंगे, हाडे यांतून बुडणाऱ्या उत्पन्नाचा हिशेब मांडला. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी त्यांना चोख उत्तर दिले. त्याचा आशय असा की एवढा फायदा असेल तर तुम्हीच ओढा. आपल्या माणसांनी काम सोडले ते त्यात बुद्धी लागत नव्हती म्हणून नव्हे. ते जन्मावरून लादलेले होते, त्याला मोबदला नव्हता आणि मान नव्हता, म्हणून सोडले. २०१६ मध्ये गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या तरुणांना उघड्यावर मारहाण झाली. म्हणजे काम लादणारेही तेच आणि त्यासाठी मारणारेही तेच.

धम्माच्या बाजूने पाहू. विनयपिटकातील महावग्गात ‘चम्मक्खन्धक’ नावाचे एक पूर्ण प्रकरण चामड्यावर आहे. कातड्याच्या लोभाने एका दुष्ट भिक्खूने वासरू मारवले, तेव्हा भगवंतांनी त्याचा निषेध केला आणि गाईचे कातडे वापरू नये असा नियम घातला. पण अवंती-दक्षिणापथातील, म्हणजे आपल्या बाजूच्या, भिक्खूंसाठी महाकच्चानांनी सोण कुटिकण्णाच्या हाती विनंती पाठवली, तेव्हा त्या कठीण जमिनीच्या मुलखात मेंढी, शेळी आणि हरीण यांच्या कातड्याच्या आसनाला अनुमती मिळाली. याचा अर्थ आम्ही असा घेतो: बुद्धाने कातडे विटाळाच्या तराजूत तोलले नाही. त्यासाठी जीव घेतला का आणि गरज आहे का, हे दोन प्रश्न विचारले. पुस्तकाला लागणारे शेळी-मेंढीचे कातडे हे खाण्यासाठी मारलेल्या जनावराचे असते, हे लपवण्यात अर्थ नाही. ज्याला ते नको वाटते त्याने करुणेपोटी नाकारावे. विटाळापोटी मात्र नाकारू नये, कारण विटाळ मानला की आपण कक्कय्या आणि चर्मकार बांधवांना पुन्हा त्याच पायरीवर बसवतो.

मग करावे काय?

आम्ही बी. कॉम. झालेलो असल्यामुळे शेवटी हिशेबावर येतो. कातडे चौरस फुटावर विकले जाते. साडेआठ बाय साडेपाच इंचांचे, दोन इंच जाड पुस्तक पूर्ण कातड्यात बांधायचे तर आत मोडायच्या कडा धरून सव्वा चौरस फुटाच्या आसपास कातडे लागते. फक्त पाठीला लावायचे तर साडेचार बाय साडेदहा इंचांची पट्टी पुरते. म्हणजे एका पुस्तकाच्या कातड्यात तीन पुस्तकांच्या पाठी होतात. आणि कापडी बांधणी केली तर कातड्याचा खर्च शून्य.

पुस्तक आधी तुटते ते शिलाईत. म्हणून विहारातल्या रोजच्या वाचनाच्या ग्रंथाला आमची शिफारस अशी:

१. बाइंडरला प्रथम विचारा की फर्मे शाबूत आहेत का. असतील तर पाठ कापू देऊ नका. घडी कापली की फर्म्याची सुटी पाने होतात आणि जुजबंदी, म्हणजे फर्म्यागणिक घडीतून दोऱ्याची शिलाई, कायमची अशक्य होते.

२. जुजबंदीच मागा. कडेने भोके पाडून आडवी शिलाई केलेले पुस्तक सपाट उघडत नाही. वाचणारा ते दाबतो आणि पाठ पुन्हा तुटते.

३. समासात कोणी टिपणे केली असतील तर कडा छाटू नका. ती आपल्या माणसांच्या अभ्यासाची खूण आहे.

४. चिकटवायला मैद्याची खळ उत्तम. पुढच्या वेळी ती पाण्याने सुटते. पांढरा प्लॅस्टिकचा गोंद वाळला की सुटत नाही, कागद फाटतो. कसर लागू नये म्हणून बाइंडर खळीत मोरचूद घालतात. ते विष आहे. घरी कोणी खळ केली तर भांडे वेगळे ठेवा आणि मुलांना दूर ठेवा.

५. आवरणाला जाड सुती कापड घ्या. संग्रही ठेवायच्या प्रतीला कातडेच हवे असेल तर सालीने कमावलेले, साधे रंगवलेले शेळीचे कातडे फक्त पाठीला आणि कोपऱ्यांना लावा. घडीवर ते फार पातळ तासू देऊ नका.

६. ग्रंथ कोरड्या जागी ठेवा. आपला नगरचा भाग कोरडा आहे. पण अकोल्याकडे पावसाळ्यात कातड्यावर बुरशी चढते. तेथे कपाटाला वारा मिळेल असे पाहा.

सोनेरी अक्षरांसाठी काढलेल्या वर्गणीतून याच पद्धतीने आणखी दोन-तीन ग्रंथ शिवून होतील. १९१७ मध्ये बाबासाहेबांनी पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तके बोटीबरोबर समुद्रात गेली. त्यांनी पुन्हा पुस्तके जमवली आणि त्यांच्यासाठी राजगृह बांधले. त्यांच्या अनुयायांचा ग्रंथ वाचून झिजलेला असावा, झिजला की पुन्हा शिवलेला असावा.

शेवटी एक सूचना. बांधणीचे काम होईल त्या रविवारी बाइंडरला आणि जवळच्या एखाद्या चर्मकार बांधवाला विहारात बोलवा. बाइंडर ज्या सुरीने कातड्याची कड तासतो, तिची सख्खी बहीण चर्मकाराच्या हातातली रापी आहे. दोघांना पुढे खुर्ची द्या, मुलांना ती हत्यारे पाहू द्या आणि सालीचे कातडे व लेपाचे कातडे यांवर पाण्याचा थेंब टाकून फरक दाखवायला सांगा. देणगीदारांची नावे मुखपृष्ठावर नकोत. शेवटच्या कोऱ्या पानावर तारीख आणि ग्रंथ शिवणाऱ्याचे नाव तेवढे शाईने लिहून ठेवा. पुढच्या पिढीला ते वाचता येईल.

जयभीम! नमो बुद्धाय!